अफवा मोबाइलच्या आधीची: कळमना, पाटणा, राईनपाडा

मानसशास्त्र आणि डिजिटल माध्यमांचा अभ्यास यांचं एकमेकांशी काय नातं, असा आजचा विषय. नाव जड आहे, पण आपण अफवेच्या वाटेने जाऊ. मी नागपूरचा, तर सुरुवात इथूनच.

मे २०१२. आपल्या शहरातला कळमना भाग. भटक्या समाजातले काही बहुरूपी वस्तीत आले आणि त्यांना चोर समजून जमावाने मारलं. जीव गेले. आता एक लक्षात घ्या, २०१२ साली व्हॉट्सॲप घरोघरी पोचलेलं नव्हतं. अफवा पसरायला तेव्हा तोंडं पुरेशी होती.

सहा वर्षांनी, १ जुलै २०१८ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले. मुलं पळवणारी टोळी म्हणून लोकांनी त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथेच ठार मारलं. त्या दिवसांत देशभर मुलं पळवल्याचे व्हिडिओ फिरत होते. त्यातला एक तर मुळात कराचीतल्या एका संस्थेची मुलांच्या सुरक्षेबद्दलची जाहिरात होती. मोटारसायकलवरचे दोघं मूल उचलतात, मग परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. परत सोडण्याचा भाग कुणीतरी कापला. उरलं ते अपहरण.

सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला. जुलै २०१८मध्येच भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आली, जानेवारी २०१९मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२०मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि असे संदेश ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीने सांगितलं. अंगठ्याला लगाम बसला, चांगलंच झालं. पण मुळात माणूस विश्वास का ठेवतो? हा प्रश्न मानसशास्त्राचा, आणि त्याचं एक जुनं उत्तर आपल्याच देशातून गेलेलं आहे. त्यासाठी थोडं मागे, बिहारला जाऊ.

१५ जानेवारी १९३४ला बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या अभ्यासकाने टिपून ठेवल्या आणि १९३५मध्ये त्यावर निबंध छापला. अफवा कसल्या, तर पाटण्यावर मोठं वादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा धरणी हादरणार, नेपाळकडून पूर धावत येतोय. गंमत म्हणा की विचित्र म्हणा, या अफवा अशा भागातल्या होत्या जिथे धक्का जाणवला पण नासधूस दिसली नव्हती. पुढे १९५०मध्ये दार्जिलिंगला दरडी कोसळल्या, तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या लोकांचा अभ्यास केला. त्या लोकांनी विध्वंस डोळ्यांनी बघितला होता. तिथे असली भीती वाढवणारी भाकितं सापडली नाहीत.

अमेरिकेतल्या लिऑन फेस्टिंजर यांनी हे दोन्ही अभ्यास समोर ठेवले. त्यांचा तर्क असा: पाटण्याचा माणूस घाबरलेला आहे, पण आजूबाजूला घाबरण्यासारखं काही दिसत नाही. मन आणि डोळे जुळत नाहीत. मग तो भीतीला शोभेल असं कारण शोधतो, आणि अफवा ते कारण पुरवते. यातून उभा राहिलेला विसंगतीचा सिद्धांत त्यांनी १९५७मध्ये पुस्तकात मांडला, आणि तो आज जगभर शिकवतात. जमुना प्रसाद हे नाव मात्र मोबाइलवरच्या अफवांची चर्चा चालते तिथे मी क्वचितच ऐकलंय. आपल्याच शेतातलं बियाणं बाहेरून विकत घ्यावं, तसं चाललंय बाप्पा!

आता हा तर्क राईनपाड्याला लावून बघा. आपलं मूल कुणी नेईल ही धास्ती प्रत्येक आईबापाच्या मनात मोबाइलच्या आधीपासून आहे. व्हिडिओ त्या धास्तीला कारण देतो. इथवर फेस्टिंजर पुरतात. पण मार कुणाला पडला? बाजारात त्या दिवशी परगावचे व्यापारीही असणारच. पडला तो झोळीवाल्यांना. कळमन्यातही भटकेच होते. घाबरलेलं मन कुणाकडे बोट दाखवेल हे भीतीने ठरत नाही, गावाने ज्यांना कधीच आपलं मानलं नाही त्यांच्यावरच ते वळतं. हे निव्वळ एकेका माणसाच्या मनाचं शास्त्र सांगू शकत नाही, असं माझं मत आहे.

माध्यमांचे अभ्यासक इथे कामी येतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या शकुंतला बनाजी आणि राम भट यांनी २०१९मध्ये जमावाची हिंसा आणि व्हॉट्सॲप यावर अहवाल दिला. त्यांनी महाराष्ट्रातही लोकांशी बोलून काम केलं होतं. त्यांचं म्हणणं, लोक अडाणी आहेत म्हणून असे संदेश पसरतात हे खरं नाही. जात, धर्म, परकेपणा याबद्दलचे आधीचे पूर्वग्रह त्यामागे असतात, आणि शिकलेली माणसंही ते पुढे ढकलतात. पैसा व्हॉट्सॲपनेच दिलेल्या संशोधन निधीचा होता, हेही सांगून ठेवतो.

मग लोकांना शिकवलं तर? २०१९च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी हेही करून बघितलं, आणि ते बिहारमध्येच. घरोघरी जाऊन तासभर खोट्या बातम्या ओळखायला शिकवलं. सरासरी फरक पडला नाही. ८५ वर्षांनंतर त्याच प्रदेशातून हे उत्तर आलं.

राईनपाड्याच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. सात जणांचा निकाल लागला. बाजारात उभं राहून बघणारे आणि मोबाइलवर चित्रण करणारे आरोपीच्या पिंजऱ्यात नव्हते, आणि फेस्टिंजर असो वा बनाजी, दोघांच्याही अभ्यासाचा विषय खरं तर तीच माणसं आहेत.