वेड्यांच्या रक्षणाचा मक्ता

एखाद्या मनुष्यास उन्मादाचा झटका आला, तो स्वतःस किंवा शेजाऱ्यास इजा करील असें भय वाटूं लागलें, आणि घरच्या माणसांच्यानें त्यास आवरणें होईना, म्हणजे त्यास पहिले कांहीं दिवस कोठें ठेवावें, कोणीं सांभाळावें व त्याचा खर्च कोणीं सोसावा, हे तीन प्रश्न गांवापुढें उभे राहतात. चरकसंहितेंत उन्मादाच्या निदानावर व चिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहेत. परंतु वरील तीन प्रश्न वैद्याचे नसून कारभाराचे आहेत. वैद्यकाच्या इतिहासावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. कारभाराच्या या अंगाकडे त्या मानानें लक्ष कमी गेलें. याचें एक कारण साधनांच्या स्वरूपांत आहे. हीं साधनें म्हणजे सनदा किंवा तहनामे नव्हत. मक्त्याचे कागद, आठवड्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या आणि भेटीच्या वह्या, एवढींच तीं असतात. असल्या कागदांस संग्राहक सहसा हात लावीत नाहींत. प्रस्तुत लेखांत इंग्लंडांतील व्यवहार मुख्यतः घेऊन आम्ही असें दाखवूं इच्छितों कीं, वेड्याच्या नशिबाचा निकाल पुष्कळदां औषधापेक्षां कराराच्या तीन कलमांवर लागत आला आहे. पैसा कशाबद्दल द्यावयाचा, तपासणी कोणीं व केव्हां करावयाची, आणि त्या तपासणीचा लेख कोठें राहावयाचा, हीं तीं तीन कलमें होत.

इंग्लंडांत दरिद्री मनुष्याच्या पोषणाचा भार इ. स. १६०१ च्या कायद्यानें पॅरिशावर, म्हणजे चर्चच्या हद्दीनें ठरलेल्या स्थानिक विभागावर, टाकण्यांत आला. पॅरिशानें कर बसवावा व ओव्हरसीअर नांवाच्या कामगारांनीं तो गरिबांकडे लावावा, अशी ती व्यवस्था होती. १७१४ व १७४४ च्या भटक्यांविषयींच्या कायद्यांनीं दोन न्यायाधीशांस असा अधिकार मिळाला कीं, जो वेडा मोकळा राहिल्यास धोका आहे त्यास त्यांनीं बंदोबस्तानें ठेववावें. हुकूम न्यायाधीशांचा, खर्च पॅरिशाचा, आणि जागा मात्र कोणाचीच नाहीं, असा हा प्रकार होता. ती उणीव मक्त्यानें भरून निघाली. १७२३ च्या कायद्यानें पॅरिशांस गरिबांच्या राहण्याचा व पोषणाचा मक्ता कोणाही खासगी मनुष्यास देण्याची मोकळीक दिली होती; वेड्यांच्या बाबतींत तोच मार्ग पुढें रुळला.

मक्ता व इजारा हे शब्द आमच्या वाचकांस दप्तरांतून परिचित आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलती इजाऱ्यानें देण्याची चाल वाढली व तिचे परिणाम रयतेनें भोगले. इजारदाराची दृष्टि रयतेच्या योगक्षेमाकडे नसते. सरकारांत भरावयाचा आकडा व प्रत्यक्ष वसूल यांमधील अंतराकडे असते. वेड्यांच्या मक्त्यांत हें अंतर उलट बाजूनें पडतें. येथें वसूल ठरलेला असतो, म्हणजे दर माणशीं दर आठवड्यास अमुक शिलिंग. आणि नफा येतो तो अन्न, गवत, सरपण व नोकर यांवरील खर्च घटविण्यांतून. शिवाय रोगी बरा होऊन घरीं गेला कीं त्याचा आकार बंद होतो. तेव्हां मक्तेदार दुष्ट नसला तरीही कराराची घडण त्याला एकाच दिशेनें ओढीत असते.

लंडनच्या पूर्वेस बेथनल ग्रीन येथें टॉमस वॉरबर्टन याच्या मालकीचीं ‘पांढरें घर’ व ‘तांबडें घर’ अशा नांवांचीं दोन घरें होतीं. हॉक्सटन येथें माइल्स याचें मोठें घर होतें. या घरांत श्रीमंतांचे आप्त आणि पॅरिशांनीं पाठविलेले दरिद्री वेडे असे दोन्ही प्रकारचे शेंकडों रोगी असत. अशा घरांवर नियंत्रण असावें म्हणून १७७४ मध्यें कायदा झाला. एकापेक्षां अधिक वेडे ठेवणाऱ्यास परवाना आवश्यक झाला. लंडन व भोंवतालचे सात मैल यांत परवाना देण्याचें व तपासणीचें काम वैद्यांच्या कॉलेजानें निवडलेल्या पांच कमिशनरांकडे, आणि इतरत्र तें न्यायाधीशांकडे आलें. कागदावर ही व्यवस्था बरी दिसते. परंतु तिच्यांत दोन भोंकें होतीं. पहिलें असें कीं, रोग्यास वाईट वागविल्याबद्दल परवाना रद्द करण्याचा अधिकार कमिशनरांस नव्हता; दोष आढळल्यास त्याची नोंद कॉलेजाच्या एका दालनांत टांगून ठेवावी, एवढाच उपाय होता. दुसरें असें कीं, वैद्याच्या दाखल्याची अट पैसे भरणाऱ्या खासगी रोग्यांपुरतीच होती. पॅरिशानें पाठविलेल्या दरिद्र्यास ती लागू नव्हती. ज्याच्यामागें विचारपूस करणारा कोणी नाहीं, तोच कायद्याच्या बाहेर राहिला.

१८१५-१६ मध्यें पार्लमेंटाच्या कमिटीनें वेड्यांच्या घरांची मोठी चौकशी केली व १८२७ मध्यें रॉबर्ट गॉर्डन याच्या अध्यक्षतेखालीं मिडलसेक्स परगण्यांतील दरिद्री वेड्यांविषयीं दुसरी कमिटी बसली. या दुसऱ्या कमिटीपुढें पांढऱ्या घरासंबंधानें जी साक्ष झाली तिचा सारांश पुढीलप्रमाणें आहे. ज्या रोग्यांस मलमूत्राची शुद्ध नसे त्यांस गवत भरलेल्या लांकडी खोक्यांत उघडें निजवून साखळीनें बांधीत. शनिवारीं दुपारीं बांधलेले रोगी सोमवारीं सकाळीं सोडीत, आणि मग अंगणांत थंड पाण्यानें धूत. यांतील दिवस लक्षांत घेण्याजोगे आहेत. नोकरांस रविवारची सुट्टी मिळावी म्हणून ही बांधाबांध होई. तपासणीस येणारे लोक दिवसाउजेडीं व कामाच्या वारीं आले तर त्यांस सारें स्वच्छ दिसावयाचें. घरांत काय चालतें हें कळण्यास कोणत्या वारीं पाहावें हेंही ठाऊक असावें लागतें.

येथें एक आक्षेप घेतां येईल. हा सर्व दोष खासगी मालकाच्या लोभाचा आहे, तेव्हां मक्त्याची पद्धतच निंद्य ठरवावी, असें कोणी म्हणेल. कागदपत्रांवरून तसें सिद्ध होत नाहीं. बेथलेम हें लंडनचें पुरातन धर्मादाय इस्पितळ. तेथें नफ्याचा प्रश्न नव्हता. तरी १८१४ मध्यें एडवर्ड वेकफील्ड व त्याचे सोबती तेथें गेले तेव्हां त्यांस जेम्स नॉरिस नांवाचा रोगी लोखंडी जोखडांत जखडलेला आढळला, आणि ही स्थिति वर्षानुवर्षें चालू होती. यॉर्क येथील धर्मादाय ॲसायलमांतील गैरप्रकारही त्याच सुमारास उघडकीस आले. उलट, १७९२ मध्यें न्यूइंग्टन घराण्यानें ससेक्समध्यें टाइसहर्स्ट येथें काढलेलें खासगी घर पुढें चांगल्या लौकिकास चढलें. पण तेथील बहुतेक रोगी धनिकांचे आप्त होते व त्यांचे नातेवाईक भेटीस येत. तेव्हां मालकी सरकारी, धर्मादाय कीं खासगी, या भेदापेक्षां दुसरा एक भेद अधिक महत्त्वाचा दिसतो. जेथें बाहेरचा डोळा वारंवार व अचानक जाई तेथें बरें चालें. जेथें जात नसे तेथें पवित्र हेतूचेंही पर्यवसान साखळींत होई.

१८२७ च्या चौकशीचें फळ म्हणजे १८२८ चा कायदा. त्यानें राजधानीच्या भागाकरितां १५ कमिशनर नेमले. त्यांपैकीं पांच वैद्य असावेत असें ठरलें. वर्षांतून चार वेळां भेट द्यावी, शपथेवर तक्रार आल्यास रात्रींही जावें, १०० वर रोगी असतील तेथें वैद्यानें कायम राहावें, आणि दरिद्री रोग्यासही दाखल्यावांचून घेऊं नये, अशीं कलमें त्यांत आलीं. पुढें १८४५ मध्यें सर्व देशाकरितां कायमचें कमिशन झालें व प्रत्येक परगण्यास स्वतःचें ॲसायलम बांधणें सक्तीचें झालें. यामुळें खासगी घरांतील दरिद्री रोग्यांची संख्या हळूहळू ओसरली.

परंतु मक्ता संपला तरी दराचा प्रभाव संपला नाहीं. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यांत धोकादायक वेड्यास वर्कहाऊसमध्यें १४ दिवसांहून अधिक ठेवूं नये असें स्पष्ट कलम होतें. वर्कहाऊस म्हणजे गरिबांची सक्तीची कामशाळा. ती वेड्याची जागा नव्हे, हें कायद्यानें ओळखलें होतें. तथापि ॲसायलमचा आठवड्याचा आकार अधिक आणि वर्कहाऊसचा कमी; म्हणून स्थानिक पालक-मंडळें ‘हा धोकादायक नाहीं’ असें ठरवून पुष्कळांस तेथेंच ठेवीत. १८७४ मध्यें उलट वारा सुटला. ॲसायलमांत ठेवलेल्या प्रत्येक दरिद्री वेड्यामागें मध्यवर्ती सरकारानें आठवड्यास चार शिलिंग देण्याचें ठरविलें. त्याबरोबर ॲसायलममध्यें पाठविणें स्थानिक मंडळांस परवडूं लागलें, आणि वर्कहाऊसमधील शांत, वृद्ध व जुनाट रोगीही तिकडे जाऊं लागले. रोग तोच, रोगी तोच. चार शिलिंगांनीं त्याची जागा बदलली. ज्यास या काळच्या ॲसायलमांची वाढ समजून घ्यावयाची असेल त्यानें वैद्यांच्या ग्रंथांबरोबर पालक-मंडळांच्या हिशेबवह्याही वाचाव्या.

या इतिहासाचा एक धागा हिंदुस्थानापर्यंत येतो. ईस्ट इंडिया कंपनीचे जे गोरे नोकर व शिपाई येथें वेडे होत त्यांस ती विलायतेस परत पाठवी, आणि १८१८ पासून लंडनजवळ हॅक्नी येथील पेंब्रोक हाऊस या खासगी घरांत त्यांची सोय पैसे देऊन करी. पुढें १८७० मध्यें ईलिंग येथें सरकारी रॉयल इंडिया ॲसायलम निघालें व १८९२ मध्यें तें बंद झालें. तीन इलाख्यांची रीतही एकसारखी नव्हती. कलकत्त्यास भवानीपूर येथें युरोपियन वेड्यांचें घर दीर्घकाळ खासगी मालकाचें होतें व सरकार त्यास पैसे देई. मुंबईस १८२६ मध्यें कुलाब्याचें इस्पितळ सरकारी म्हणूनच उभें राहिलें. ठाण्याजवळ नौपाडा येथील इस्पितळ १९०१ मध्यें झालें, तें सेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या नांवानें ओळखलें जाई. एकाच कंपनीच्या अंमलांत एकीकडे मक्ता व दुसरीकडे सरकारी घर असल्यानें दोहोंच्या कागदांची तुलना करण्यास येथील अभ्यासकांस चांगलें क्षेत्र आहे.

आतां झटक्याच्या पहिल्या दिवसांकडे पुन्हां वळूं. कायद्यानें ही मुदत उत्तरोत्तर आखडत आणलेली दिसते. १८९० च्या इंग्रजी कायद्यानें पोलिसास किंवा गरिबांच्या अधिकाऱ्यास, अत्यंत निकड असल्यास, वेड्यास तीन दिवसांपुरतें वर्कहाऊसमध्यें नेतां येई. १९८३ च्या कायद्यांत पोलिसानें सुरक्षित जागीं नेलेल्या मनुष्यास ७२ तास ठेवण्याची मर्यादा होती. २०१७ मध्यें ती सामान्यतः २४ तासांवर आली. आपल्याकडील २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यांतही तातडीच्या उपचारांस सामान्यतः ७२ तासांची मर्यादा आहे. मुदत आखडली तसें स्थानिक संस्थांचें कामही बदललें. वर्षानुवर्षें कोंडण्याऐवजीं थोड्या तासांत धीर देऊन, शांत करून, योग्य ठिकाणीं पोंचविणें असें त्यास रूप आलें.

तें कामही मक्त्यानें देतां येतें, याचें अलीकडील उदाहरण अमेरिकेंतील ऑरेगॉन संस्थानांतल्या यूजीन शहराचें आहे. १९८९ पासून तेथील शहर-सरकारानें व्हाइट बर्ड नांवाच्या धर्मादाय दवाखान्याशीं करार करून ‘कहूट्स’ ही सेवा चालविली. वेडाच्या किंवा व्यसनाच्या संकटाची हांक आली म्हणजे शस्त्रधारी पोलिसाऐवजीं एक उपचारक व एक समुपदेशक गाडी घेऊन जात. नफ्यासाठीं नसलेला मक्ता, कोंडणें नाहीं, मारझोड नाहीं. या रीतीची प्रशंसा दूरवर झाली व इतर शहरांनीं तिचें अनुकरण केलें. तरी २०२५ च्या एप्रिलांत यूजीन शहरांतील ही सेवा पैशाच्या अडचणींत बंद पडली. वॉरबर्टनच्या घरांत दर माणशीं आकार कमी खर्चाकडे ओढी. येथें काम उत्तम असूनही कराराची मुदत व रक्कम यांवर तें अवलंबून राहिलें. मक्त्याचा हा दुसरा धोका. जें काम कायमचें कर्तव्य आहे तें मुदतीच्या कागदावर उभें राहतें.

एकंदर पुराव्यावरून आमचें मत असें झालें आहे. स्थानिक संस्थेनें वेड्याची तातडीची शुश्रूषा मक्त्यानें दिली तर त्यांत पाप नाहीं. परंतु पैसा नुसत्या डोक्यांच्या मोजणीवर देऊं नये, तपासणी मक्तेदाराच्या सोयीनें करूं नये, आणि पैसे देणाऱ्यानें स्वतः डोळ्यांनीं पाहण्याचें काम दुसऱ्यावर सोंपवूं नये. कर्तव्याची अंमलबजावणी दुसऱ्यास देतां येते, कर्तव्य देतां येत नाहीं.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. वेड्यानें स्वतः लिहून ठेवलेला मजकूर दुर्मिळ, आणि जो असतो तो ‘वेड्याचा’ म्हणून टाकून दिला जातो. त्याच्या बाजूची साक्ष देणारे कागद म्हणजे करारनामा, हजेरीपट, भेटीची वही व शिधासामग्रीची यादी. १८२७ च्या कमिटीपुढें जें उघड झालें तें साक्षीदारांच्या तोंडून झालें आणि छापील अहवालांत राहिलें, म्हणून आज आपणांस कळतें. आपल्याकडील नगरपालिका, जिल्ह्यांच्या संस्था व जुनीं इस्पितळें यांच्या कोठारांतून असले कागद रद्दी म्हणून निघतात. त्यांवर मोहोर नसते, अक्षरही सुरेख नसतें. तरी ज्यांच्या हातीं ते लागतील त्यांनीं निदान वर्ष, गांव व मक्त्याचा दर एवढें टिपून ते जपावेत. तो दर आणि त्या वर्षीं घरीं परतलेल्यांची संख्या एके ठिकाणीं मांडतां आली, म्हणजे त्या गांवानें आपल्या अत्यंत असहाय मनुष्याची काय किंमत केली होती हें वाचणारास समजेल.