लिबरेटरची केबिन कोणाची?

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. बाबुराव पेंटर यांनी १९१८ साली घडविलेल्या देशी कॅमेऱ्याची ती आठवण. परदेशी यंत्र खोलायचे, समजून घ्यायचे आणि आपल्या हातांनी पुन्हा घडवायचे, हा हुन्नर आमच्या गावाला नवा नाही. पेंटरांच्याच हाताखाली कागलचे शेख फत्तेलाल तयार झाले. पुढे त्यांनी विष्णुपंत दामले यांच्या जोडीने १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. फत्तेलाल यांचे नाव पडद्यावर आले, म्हणून ते टिकले. पण यंत्राच्या मागे उभे राहून आयुष्य घालविणाऱ्या मिस्त्र्यांचे काय? हा प्रश्न आम्हांला एका बाँबर विमानाच्या निमित्ताने पुन्हा पडला आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबर विमानांची कॉकपिट, म्हणजे वैमानिकाची केबिन, पुन्हा जुळविण्याचे काम इंग्लंड-अमेरिकेत मोठ्या निष्ठेने चालते. कोणी भंगारवाल्याकडून एखादी डायल मिळवितो, कोणी जुने आसन, कोणी एखादा खटका. मिळत नाही ते मूळ नकाशे पाहून नव्याने घडवितात. जुन्या डायलींवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग असे. तो आजही घातक असल्याने त्या जपून हाताळाव्या लागतात. अशी एकेक केबिन उभी करण्यात माणसांची वर्षे जातात. या छंदाची टिंगल करण्याचे कारण नाही. मात्र या कामाचा एक मोठा अध्याय आपल्या देशात लिहिला गेला, तो फारच थोड्यांना ठाऊक आहे.

अमेरिकेने उसनवारीच्या करारावर ब्रिटिशांना ‘लिबरेटर’ जातीची विमाने दिली होती. चार इंजिने आणि ११० फूट पंख असलेली ही अवाढव्य विमाने. युद्ध संपल्यावर ती परत करायची नसतील तर निकामी करावीत, अशी रीत होती. त्यानुसार १९४६ च्या सुमारास कानपूरच्या तळावर ती मोडून टाकण्यात आली. केबिनमधल्या डायली फोडल्या, सांगाड्याला भोके पाडली, इंजिनात वाळू ओतली. पुन्हा कोणी ती उडवू नयेत, हाच हेतू.

मग फाळणी आली, काश्मीरची लढाई आली. नव्या भारताच्या हवाई दलाकडे जड बाँबर नव्हते आणि ते विकत घेण्याइतका पैसाही नव्हता. तेव्हा हे भंगार जिवंत करण्याचे काम बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्याकडे आले. हा कारखाना १९४० साली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या हिकमतीतून आणि म्हैसूर संस्थानाच्या पाठबळावर उभा राहिला. त्या वेळी संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल होते. युद्धकाळात अमेरिकन विमानांची दुरुस्ती याच कारखान्यात होत असल्याने तिथल्या कारागिरांचे हात अशा यंत्रांना सरावलेले होते.

एका विमानातला सुटा भाग काढून दुसऱ्याला बसवीत ही विमाने आधी कानपूरला जेमतेम उडण्याजोगी केली गेली. कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगलोरला उडवत नेली. केबिनमधली निम्मी यंत्रे मुकी असताना केलेले हे उड्डाण म्हणजे जिवाशी खेळच होता. बंगलोरला प्रत्येक विमान नव्याने उभे केले गेले. अशी चाळीसच्या आसपास विमाने तयार झाली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर पाचवे स्क्वाड्रन उभे राहिले. १९५१ पासून सहाव्या स्क्वाड्रनची लिबरेटर पुण्याहून अरबी समुद्रावर गस्त घालू लागली. १९६८ च्या अखेरीस ती निवृत्त झाली, तेव्हा जगात इतर कोणत्याही हवाई दलाकडे लिबरेटर सेवेत उरले नव्हते.

इथून खरी गोष्ट सुरू होते. ज्यांनी ही विमाने मोडली होती, त्यांच्याच देशांना आता ती हवीशी झाली. एक कॅनडाला गेले; त्याच्या बदल्यात आपल्याला लायसँडर हे जुने विमान मिळाले. एक १९६९ साली अमेरिकेत टूसॉनला पोहोचले. एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे उडत गेले. आणखी एक इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेले आणि दीर्घ डागडुजीनंतर १९८९ साली पुन्हा आकाशात झेपावले. त्याच्यावर ‘ऑल अमेरिकन’ असे नाव रंगविले होते.

अस्सल अमेरिकन! ज्या विमानाने वीस वर्षे आपली निशाणी मिरविली, त्याचे हे नवे नाव. त्यांच्या दृष्टीने ते चूक नाही. विमान घडविले त्यांनी, युद्धात त्यांची माणसे मेली. पण ‘मूळ रूप’ परत आणताना मधली वीस वर्षे खरवडून निघतात, हे आम्हांला बोचते. बंगलोरच्या कारागिरांनी नव्याने तारा ओढल्या नसत्या आणि डायली बसविल्या नसत्या, तर आज रंगवायला विमानच उरले नसते. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक लिबरेटर भारतीय निशाणीसह उभे आहे, एवढाच दिलासा.

जुनी वस्तू दुरुस्त करताना तिचे कोणते वय जपायचे, हा प्रश्न विमानापुरता नाही. दर्गा असो, वाडा असो की भाषा असो, ‘मूळ रूप’ शोधणारे हात पुष्कळदा मधल्या माणसांना पुसून टाकतात. आपण या देशाच्या इतिहासात बहुतेक ठिकाणी असे मधलेच आहोत. घडविणारे, सांधणारे, दुरुस्त करणारे. म्हणून उद्यमनगरातल्या लेथवर काळ्या हातांनी काम करणारा एखादा बुजुर्ग मिस्त्री भेटला, तर त्याला त्याचे नाव विचारा, काय काय घडविले ते विचारा आणि लिहून ठेवा. यंत्र पुन्हा जुळविता येते. गेलेले नाव जुळवायला सुटे भाग मिळत नाहीत.