रूपांतर आणि 'मूळ' संहिता

सुपरहीरो चित्रकथांचा चाहता अ‍ॅनिमेशन मालिकेचे मूल्यमापन करताना मूलनिष्ठेचा निकष लावतो. संहिता आधीची म्हणून प्रमाण, रूपांतर नंतरचे म्हणून दुय्यम, हे त्यामागील गृहीतक होय. मिस्टर फ्रीझ या खलनायकाचा इतिहास या गृहीतकालाच छेद देतो.

फेब्रुवारी १९५९ च्या 'बॅटमॅन' मासिकाच्या १२१ व्या अंकात तो 'मिस्टर झीरो' या नावाने अवतरला. तेव्हा तो गोठवणारी बंदूक बाळगणारा एक हिरेचोर होता. 'फ्रीझ' हे नाव त्याला १९६६ च्या दूरचित्रवाणी मालिकेने दिले. १९९२ मध्ये 'बॅटमॅन: द अ‍ॅनिमेटेड सिरीज'मधील 'हार्ट ऑफ आइस' या भागात लेखक पॉल डिनी यांनी त्याला नोरा ही असाध्य रोगाने ग्रासलेली, गोठवून ठेवलेली पत्नी दिली. चोरीला शोकाचे अधिष्ठान लाभले. पुढे चित्रकथांनीही ही कथा आपलीशी केली.

२०१२ च्या 'बॅटमॅन' वार्षिकांकात मात्र नोरा त्याची पत्नी नसून ते नाते हा त्याचा भ्रम ठरवण्यात आला. अनेक चाहत्यांना हा मूळ व्यक्तिरेखेचा विपर्यास वाटला. ज्या 'मुळा'ची त्यांनी पाठराखण केली, ते १९५९ चे नव्हते; ते १९९२ चे रूपांतर होते.

तात्पर्य, 'मूळ' ही कोटी कालक्रमाने सिद्ध होत नाही. वाचकांची स्मृती ती घडवते. चित्रकथेची मालकी प्रकाशनसंस्थेकडे असते, तिचे प्रामाण्य मात्र आस्वादकांच्या हाती राहते. या दोहोंतील ताण ध्यानात न घेता केलेली रूपांतरमीमांसा अपुरीच राहील.