शंभर वॅटचं दूरदर्शन

जिल्ह्याच्या ठिकाणी दूरदर्शनचं जे केंद्र असायचं, त्यात स्टुडिओ नव्हता, कॅमेरा नव्हता, निवेदिका तर नव्हतीच. छोटीशी सरकारी इमारत, आवारात आभाळाकडे तोंड करून बसलेली मोठी तबकडी, शेजारी लोखंडी मनोरा, वीज गेली की चालवायला जनरेटर आणि पाळीपाळीने बसणारे मोजके तंत्रज्ञ. तबकडीने उपग्रहाकडून दिल्लीचा कार्यक्रम झेलायचा आणि मनोऱ्याने तो गावावर सोडायचा. सरकारी कागदांत हे लघुशक्ती प्रक्षेपण केंद्र. लोकांच्या तोंडी नुसता ‘टॉवर’. धाराशिव, म्हणजे तेव्हाचं उस्मानाबाद, टीव्हीच्या नकाशावर आलं ते अशा टॉवरच्या जोरावर. या जातीच्या प्रक्षेपकाची ताकद शंभर वॅट. तेव्हा माजघरात लावायचा मोठा बल्बही शंभर वॅटचाच असायचा.

शंभर वॅटमध्ये चित्र पंधरा-वीस किलोमीटर जायचं, तेही वाटेत डोंगर नसेल तर. टीव्हीच्या लहरी सरळ रेषेत चालतात आणि हा जिल्हा बालाघाटाच्या अंगाखांद्यावर पसरलेला. पठारावरच्या घराला जे स्वच्छ दिसे ते घाटाखालच्या वस्तीत मुंग्यांच्या पडद्याआड जाई. मग छपरावर ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा अँटेना, त्याला बूस्टर आणि एकाने वर चढून तो फिरवायचा, दुसऱ्याने खालून ओरडायचं. कळंबसारख्या उत्तरेच्या भागाला शेजारच्या अंबाजोगाईचं उच्चशक्ती केंद्र जवळचं. आपल्या जिल्ह्याचा टॉवर सोडून अँटेना बीड जिल्ह्याकडे वळवण्यात कुणाला गैर वाटायचं कारण नव्हतं. दोन्हीकडून येणारा माल एकच होता.

या टॉवरचं कूळ शोधत गेलं की वाट मुंबईला न जाता आधी गुलबर्ग्याला जाते.

भारताच्या अंतराळ कार्यक्रमाचे शिल्पकार विक्रम साराभाई यांचा आग्रह होता की टीव्ही आधी खेड्यात जावा, शहरात मागाहून. त्यासाठी अणुऊर्जा विभागाने 1969 मध्ये अमेरिकेच्या नासाशी उपग्रह-टीव्हीच्या प्रयोगाचा करार केला. साराभाई 1971 च्या डिसेंबरात गेले, पण प्रयोग झाला. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असं वर्षभर अमेरिकेच्या एटीएस-6 या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 खेड्यांना कार्यक्रम दाखवले गेले. शाळेच्या किंवा पंचायतीच्या दारात सार्वजनिक संच आणि छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर रुंद तबकडी. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, मुलांसाठी शाळेचे धडे. या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटक होता आणि त्यातले जिल्हे होते गुलबर्गा, रायचूर, विजापूर.

उमरगा तालुक्यातल्या मुरूमहून गुलबर्गा जिल्ह्यातलं आळंद किती लांब? पीकपाणी सारखं, दुष्काळ सारखा, 1956 पर्यंत दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात. भाषावार प्रांतरचनेत उस्मानाबाद मुंबई राज्याकडे आला, गुलबर्गा म्हैसूरकडे गेला. आणि वीस वर्षांनी त्याच रेषेने ठरवलं की टीव्ही कोणाच्या खेड्यात आधी यायचा. प्रयोग संपल्यावर 1977 मध्ये गुलबर्ग्याला जमिनीवरचा प्रक्षेपकही मिळाला. इकडे महाराष्ट्रात 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र सुरू झालं होतं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने ते पुण्याला पोचवलं, आणि तिथेच गाडी थांबली. ‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम दादर-गिरगावातली बिनशेतीची घरं बघत होती. ज्यांची माती, त्यांच्याकडे टीव्ही नव्हता.

याच सुमारास गुजरातेत टीव्हीची एक वेगळी शाखा फुटली होती. खेडा जिल्ह्यातल्या पीज गावी 1975 मध्ये एक किलोवॅटचा प्रक्षेपक उभा राहिला. अहमदाबादच्या अंतराळ केंद्रातली माणसं कॅमेरा घेऊन गावागावात गेली आणि सावकारी, किमान मजुरी, दूध संघ, अस्पृश्यता असे तिथलेच विषय गावकऱ्यांनाच पडद्यावर आणून चारशेहून अधिक गावांना दाखवू लागली. या कामाला 1984 मध्ये युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला. दुसऱ्या वर्षी पीजचा प्रक्षेपक बंद झाला.

ज्या 1984 ने पीजला पुरस्कार दिला, त्याच वर्षी देशभर या जातीच्या टॉवरांची लाट आली. पूर्वपीठिका दोन वर्षांची. 15 ऑगस्ट 1982 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. (त्याच ऑगस्टात उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा काढला गेला, दिल्ली देश जोडत होती तेव्हा मुंबई जिल्हा तोडत होती, असं कुणी म्हणालं तर चुकीचं नाही.) नोव्हेंबरातले आशियाई खेळ रंगीत पडद्यावर दिसले. भारताचा इन्सॅट-1ए हा उपग्रह त्याआधीच सप्टेंबरात निकामी झाला होता. ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी चॅलेंजर यानातून वर गेला आणि टिकला. उपग्रह हाताशी, लोकसभा निवडणूक जवळ. 1984 च्या उत्तरार्धात काही महिने दिवसाला एक प्रक्षेपक असा धडाका लागला. निवडणूक नसती तर इतकी घाई झाली असती, असं मला वाटत नाही. पीजसारखं केंद्र म्हणजे माणसं, कॅमेरे आणि रोजची कटकट. शंभर वॅटचा संच मात्र ट्रकमधून आणावा, बसवावा, चालू करावा. स्वस्त आणि आज्ञाधारक.

आज्ञाधारक हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे. सुरुवातीला या टॉवरांवर फक्त दिल्ली दिसे. मुंबई केंद्राचे कार्यक्रम उपग्रहावर चढले, तेव्हा कुठे मराठवाड्याच्या टॉवरवर संध्याकाळी मराठी ऐकू येऊ लागली. रात्रीच्या हिंदी बातम्यांना पुन्हा दिल्ली. लोकांची तक्रार नव्हती, हेही नोंदवलं पाहिजे. ‘हम लोग’ ही मालिका होती, 1987 च्या जानेवारीपासून रविवारी सकाळी ‘रामायण’ होतं. ओटीवर गाव मावत नव्हतं. दूरदर्शनसाठी 1982 मध्ये नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने विकेंद्रित, स्थानिक कार्यक्रमांची शिफारस केली. ती अहवालातच राहिली.

टॉवरच्या या मुकेपणाची किंमत कळली 30 सप्टेंबर 1993 ला. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून गाव झोपलं आणि पहाटे तीन छपन्नला जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी, उस्मानाबाद जिल्ह्यातलं सास्तूर आणि आजूबाजूची गावं. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. जिल्ह्याच्या दूरदर्शन केंद्राजवळ सांगण्यासारखं खूप होतं आणि सांगायला कॅमेरा नव्हता, साधा माईकही नव्हता. सास्तूर टीव्हीवर आलं ते बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांतून, दिल्ली-मुंबईला जाऊन, उपग्रहावर चढून, फिरून परत. उस्मानाबादला आकाशवाणीचं स्थानिक केंद्रही आहे. त्याला स्टुडिओ आहे, इथल्या बोलीत बोलणारी माणसं आहेत. रेडिओला जे मिळालं ते टीव्हीला मिळालं नाही.

स्थानिक टीव्ही गावात आला तो केबलवाल्याच्या हाताने. 1992 च्या ऑक्टोबरात झी टीव्ही ही खासगी वाहिनी आल्यावर तालुक्याच्या गावांतूनही खांबाखांबावरून काळ्या वायरी धावू लागल्या, आणि केबलवाल्याकडे एक रिकामी वाहिनी उरायची. तिच्यावर व्हीसीआर लावून सिनेमा, मध्ये साड्यांच्या दुकानाची जाहिरात, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मिरवणुकीचं चित्रण. थरथरतं, वेडंवाकडं, पण ओळखीच्या चेहऱ्यांचं. साराभाईंना अभिप्रेत होतं ते हे नव्हे. तरी पडद्यावर स्वतःची गल्ली बघण्याचं सुख सरकारी टॉवरपेक्षा या उद्योगाने अधिक दिलं.

टॉवरची अखेर मात्र हिशेबी झाली. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने स्वतःचीच मोफत डीटीएच सेवा काढली. घराच्या छपरावरची छोटी तबकडी थेट उपग्रहाशी बोलू लागल्यावर मधला टॉवर कशाला? प्रसार भारतीने जुने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने मिटवले. शेवटचे तीन टप्पे ऑक्टोबर 2021, डिसेंबर 2021 आणि मार्च 2022 असे जाहीर झाले, मोक्याच्या जागचे 54 तेवढे राखून. टीव्हीच्या बंद पडलेल्या प्रक्षेपकांच्या जागांपैकी काहींवर आता आकाशवाणीचे एफएम प्रक्षेपक बसले आहेत. त्यांतल्या बऱ्याचशांची ताकद पुन्हा शंभरच वॅट, आणि कार्यक्रम पुन्हा दुसऱ्या केंद्राचा.