रोमन सम्राटांच्या चिठ्ठ्या

रोमच्या सम्राटांनीं अन्न आणि खेळ देऊन प्रजेला गप्प बसविलें, हें आपण शाळेपासून ऐकत आलों आहोंत. त्यांच्या हातीं आणखी एक साधन होतें, त्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तें म्हणजे अवचित बक्षिसाची आशा.

धान्य ठरलेलें असे. ऑगस्टसच्या काळीं रोममधील सुमारें २,००,००० पुरुषांना तें फुकट मिळे. पण जें नेमानें मिळतें त्याचें नवल कोणाला? तो लोकांचा हक्कच होऊन बसला.

नीरोनें निराळी युक्ति केली. खेळांच्या दिवसांत तो रोज लोकांत पक्षी, खाद्यपदार्थ आणि चिठ्ठ्या उधळी. एखाद्या चिठ्ठीवर धान्य असे, एखादीवर मोतीं. शेवटीं तर गलबतें, घरें आणि शेतेंही निघूं लागलीं! पुढें इ. स. ८० मध्यें टायटसनें कोलोसियमचें उद्घाटन केलें. आदल्याच वर्षीं व्हेसुव्हियसनें पाँपेई गाडलें होतें, आणि ८० सालीं रोमला आगीनें ग्रासलें. त्याच सुमारास १०० दिवस खेळ चालले. टायटस उंचावरून लहान लांकडी चेंडू खालीं टाकी. ज्याच्या हातीं चेंडू लागेल, त्यानें तो वांटप करणाऱ्याकडे न्यावा आणि त्यावर लिहिलेली वस्तु घ्यावी. कोणाला वस्त्र, कोणाला सोन्याचें भांडें, कोणाला घोडा, कोणाला गुलाम. माणूसही त्या यादींतली एक वस्तुच होता! डोमिशियनच्या वेळीं बक्षिसें बहुतेक सामान्यांच्या बाजूस पडलीं; तेव्हां सरदारांच्या प्रत्येक विभागासाठीं ५० चिठ्ठ्या जाहीर कराव्या लागल्या.

या मोहाचा उलगडा विसाव्या शतकांत कबूतरांनीं केला, असें म्हणावयास हरकत नाहीं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनीं फर्स्टर यांच्यासह १९५७ मध्यें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ठराविक टोंचींनंतर दाणा मिळाला, कीं कबूतर क्षणभर थांबे. कितव्या टोंचीला मिळेल याचा नेम नसला, म्हणजे मात्र तें न थांबतां टोंचीत राही. दाणे बंद झाल्यावरही बराच वेळ. शिवाय सम्राटाला एक जादा लाभ होता. रित्या हातानें परतणारा दोष देई तो आपल्या नशिबाला.

हें सारें सेनेकानें ओळखलें होतें. बक्षिसें आंत येतांना दिसलीं, कीं शहाणा नाट्यगृहांतून निघून जातो. क्षुल्लक वस्तूंचें मोल फार पडतें हें तो जाणतो, असें त्यानें एका पत्रांत लिहिलें आहे. हा सेनेका नीरोचा गुरु, आणि नीरोच्याच देणग्यांनीं श्रीमंत झालेला. ६२ सालीं त्यानें ती संपत्ति परत घेण्याची विनंती केली. नीरोनें ती नाकारली, आणि ६५ सालीं त्याला आत्महत्येची आज्ञा दिली.