‘सीमारेषे’वरच्या आजाराचा इतिहास

मनोविकाराच्या नावातून कधी रुग्णाचे दुःख कळते, तर कधी नाव ठेवणाऱ्याची अडचणच अधिक कळते. ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’ हे नाव दुसऱ्या प्रकारात मोडते. १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अॅडॉल्फ स्टर्न यांनी काही रुग्णांविषयी लिहिले. ते सौम्य मनोविकारांत बसत नव्हते आणि वास्तवाचे भान हरपलेल्या गंभीर रुग्णांतही मोडत नव्हते. दोहोंच्या सीमेवरचे, म्हणून ते ‘बॉर्डरलाइन’ ठरले.

पुढे १९६७ मध्ये ओटो कर्नबर्ग यांनी या व्यक्तिमत्त्वरचनेची सैद्धांतिक मांडणी केली. १९७५ मध्ये जॉन गंडरसन आणि मार्गारेट सिंगर यांनी लक्षणे नेमकी केली, आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानसूचीत या विकाराला स्थान मिळाले. भावनांचा अनावर उद्रेक, आपल्याला टाकून दिले जाईल ही भीती, नात्यांतील टोकाचे चढउतार, स्वतःला इजा करून घेणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. निदान झाले, पण त्याबरोबर ‘हे रुग्ण सुधारत नाहीत’ असा शिक्काही बसला.

तो शिक्का पुसण्यात मार्शा लिनेहान यांचा वाटा मोठा आहे. सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात त्यांनी ‘डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी’ घडवली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वर्षभराच्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, स्वतःला इजा करण्याचे प्रसंग आणि रुग्णालयातील दिवस दोन्ही कमी झाले. २०११ मध्ये लिनेहान यांनी जाहीर केले, की वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होत्या. हे त्यांनी त्याच रुग्णालयात उभे राहून सांगितले.

आम्हा बौद्धांना या उपचारातील एक धागा ओळखीचा वाटेल. मनात उठणाऱ्या भावनेला चांगले-वाईट न ठरवता पाहण्याचे कौशल्य लिनेहान यांनी झेन साधनेतून घेतले. सम्यक स्मृतीशी त्याचे नाते उघड आहे. तथापि ध्यान हा या उपचाराचा केवळ एक भाग आहे. आठवड्याची वैयक्तिक भेट, कौशल्ये शिकवणारा गट, अडीअडचणीला फोनवर मार्गदर्शन आणि उपचारकांची आपसांतील सल्लामसलत या साऱ्यांची त्याला जोड असते. म्हणून ‘शिबिराला बसवा, बरे होईल’ एवढ्यावर कुटुंबाने थांबू नये. लंडनमध्ये अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनीही १९९९ मध्ये, स्वतःचे व इतरांचे मन समजून घेण्यावर आधारलेल्या वेगळ्या उपचाराचे चांगले परिणाम दाखवले.

मेरी झानारिनी यांनी मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेतला. सोळा वर्षांत ९९ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे ओसरलेली आढळली. मात्र काम आणि नाती सांभाळून किमान दोन वर्षे पूर्णपणे सावरलेले ६० टक्केच होते. काहींनी या काळात जीवन संपवले, हेही विसरता येणार नाही.

परदेशात आमच्या घरांपासून आजी-आजोबा दूर असतात, आणि ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मात्र सोबत येतो. घरातील मुलाला वा मुलीला हे निदान मिळाले, तर तो स्वभावाचा दोष किंवा संस्कारांची उणीव समजू नये. त्यावर उपचार आहेत, ते शिकलेली माणसे आहेत, आणि बहुतेकांची लक्षणे ओसरतात. लपवण्यात गेलेला वेळ मात्र त्या मुलाच्या उपचारांतून वजा होतो.