शालान्त प्रमाणपत्र आणि वर्णरेषा : अमेरिकेतील हायस्कूल शिक्षणाच्या इतिहासाचा एक वेध

मराठी विचारविश्वाला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा संदर्भ नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच तेथील ब्लॅक पँथर चळवळीवरून घेतले. दलित साहित्याच्या समीक्षेत तर कृष्णवर्णीयांच्या कवितेची आणि आत्मकथनांची तौलनिक चर्चा दीर्घकाळ होत आली. मात्र ज्या शाळांतून हा समाज घडला, किंवा ज्या शाळांचे दरवाजे त्याला बंद राहिले, त्या शाळांच्या इतिहासाकडे आपले लक्ष तुलनेने कमी गेले. प्रस्तुत लेखात या इतिहासाच्या एकाच अंगाचा विचार केला आहे : हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या प्रमाणात वर्णानुसार पडलेली तफावत कशी निर्माण झाली, आणि ती मोजली कशी गेली?

प्रारंभीच एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे शालान्त परीक्षा ही राज्याच्या मंडळाची परीक्षा असते व तिच्या निकालावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरते. अमेरिकेत साधारणतः नववी ते बारावी ही चार वर्षे हायस्कूलची असून, ठरावीक विषयांचे ठरावीक अध्ययन पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र स्थानिक शाळेकडूनच मिळते. त्यामुळे ‘किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ यापेक्षा ‘प्रवेश घेतलेल्यांपैकी किती शेवटपर्यंत टिकले’ हा प्रश्न तेथे मध्यवर्ती ठरतो.

१. अभाव शाळेचा, इच्छेचा नव्हे

यादवी युद्धापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहावयास-वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता. या बंदीचे परिणाम १८७० च्या जनगणनेत स्पष्ट दिसतात. त्या वर्षी कृष्णवर्णीयांतील सुमारे ८० टक्के लोक निरक्षर होते. १९०० साली हे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांवर आले आणि १९४० साली १२ टक्क्यांच्या आत. ज्या समाजाला सार्वजनिक निधीतून अत्यल्प वाटा मिळत होता, त्याने दोन पिढ्यांत साधलेली ही प्रगती असाधारण म्हटली पाहिजे. शिक्षणाविषयी या समाजाला आस्था नव्हती, या समजाला येथेच उत्तर मिळते.

परंतु साक्षरता आणि हायस्कूल यांच्यामध्ये एक भिंत उभी होती. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथील प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे १८८० साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी ‘वेअर हायस्कूल’ सुरू झाले. १८९७ साली स्थानिक शिक्षणमंडळाने ते बंद केले. कारण असे देण्यात आले की, कृष्णवर्णीयांच्या प्राथमिक शाळांत शेकडो मुलांना जागा नाही, तेव्हा हायस्कूलची इमारत व पैसा तिकडे वळवावा. श्वेतवर्णीयांच्या हायस्कूलला मात्र कोठेही धक्का लागला नाही. पालक न्यायालयात गेले. १८९९ साली सर्वोच्च न्यायालयाने मंडळाच्या बाजूने एकमताने निर्णय दिला. हा निर्णय न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी लिहिला. तीनच वर्षांपूर्वी, १८९६ च्या प्लेसी खटल्यात, ‘विभक्त पण समान’ या तत्त्वाला एकट्याने विरोध नोंदविणारे न्यायाधीश हेच होते. ऑगस्टाच्या निकालाने त्या तत्त्वातील ‘समान’ हा शब्दही हायस्कूलच्या बाबतीत पोकळ ठरविला.

या निकालाचा काळ लक्षात घेतला पाहिजे. १९१० ते १९४० या तीन दशकांत अमेरिकेत हायस्कूल शिक्षणाचा अभूतपूर्व प्रसार झाला. १९०० साली सतरा वर्षे वयाच्या मुलामुलींच्या तुलनेत हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास होते. १९४० साली ते पन्नास टक्क्यांवर पोहोचले. कारखाने, कचेऱ्या, दुकाने यांतील बरी नोकरी याच प्रमाणपत्राशी जोडली जाऊ लागली. नेमक्या याच काळात दक्षिणेत, जेथे १९१० साली कृष्णवर्णीयांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक राहत होते, त्यांच्यासाठी सार्वजनिक हायस्कुले जवळजवळ नव्हतीच. १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी पाहणीनुसार संपूर्ण दक्षिणेत त्यांची संख्या सत्तरहून कमी होती. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेने आणि ज्यूलियस रोझेनवाल्ड यांच्या निधीतून १९३२ पर्यंत सुमारे पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. त्यांसाठी गोरगरीब शेतमजुरांनी स्वतः वर्गणी काढली, श्रमदान केले. पण त्यांतील बहुतेक शाळा प्राथमिकच होत्या.

१९४० च्या जनगणनेत पंचवीस वर्षांवरील प्रौढांना प्रथमच त्यांच्या शालेय शिक्षणाविषयी विचारणा झाली. श्वेतवर्णीयांतील २६.१ टक्के लोकांनी हायस्कूल पूर्ण केले होते. कृष्णवर्णीय व इतर वंशीयांत हे प्रमाण ७.७ टक्के होते. ही तफावत मुलांच्या गळतीपेक्षा शाळेच्या अनुपस्थितीची होती. जेथे शाळाच नाही, तेथे शाळा सोडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

२. प्रिन्स एडवर्ड : बंद शाळांची पाच वर्षे

व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीत, फार्मव्हिल या गावी, कृष्णवर्णीयांसाठी मोटन हायस्कूल होते. १८० विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या या शाळेत १९५१ साली साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी शिकत. वाढत्या संख्येसाठी मंडळाने इमारत न बांधता, लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकून खोपटी उभारली होती. २३ एप्रिल १९५१ रोजी बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या नेतृत्वाखाली सर्व विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. त्यांची मूळ मागणी फक्त चांगल्या इमारतीची होती. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन या वकिलांनी वेगळी अट घातली : नव्या इमारतीसाठी नव्हे, विभक्ततेच्याच विरोधात लढायचे असेल तर आम्ही खटला चालवू. विद्यार्थी व पालक यांनी ते मान्य केले. हाच खटला पुढे ब्राऊन प्रकरणात समाविष्ट झाला आणि १७ मे १९५४ रोजी शाळांतील वर्णविभक्तता घटनाबाह्य ठरली.

तथापि निकाल लागणे आणि शाळेचे दार उघडणे यांत अंतर होते. १९५९ साली न्यायालयाने एकत्रित शाळांचा आदेश देताच काउंटीच्या प्रशासनाने शाळांसाठी पैसाच मंजूर केला नाही. सर्व सार्वजनिक शाळा बंद झाल्या. श्वेतवर्णीय मुलांसाठी खासगी अकादमी निघाली. तिला सरकारी अनुदान आणि करसवलत यांचा आधार मिळाला. दीड हजारांहून अधिक कृष्णवर्णीय मुले शाळेविना राहिली. काहींना नातेवाइकांकडे परराज्यात पाठविण्यात आले. वरच्या इयत्तांतील काहींची सोय नॉर्थ कॅरोलायनातील किट्रेल महाविद्यालयाने केली. उरलेली तंबाखूच्या शेतात कामाला लागली किंवा घरीच बसली. १९६३ साली तात्पुरत्या मोफत शाळा निघाल्या आणि १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने सार्वजनिक शाळा पुन्हा सुरू झाल्या. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेला मुलगा तोवर वीस वर्षांचा झाला होता.

पुढे २००३ साली, पन्नाशी-साठी गाठलेल्या या विद्यार्थ्यांना काउंटीने मानद शालान्त प्रमाणपत्रे दिली. २००४ साली व्हर्जिनिया राज्याने त्यांचे राहिलेले शिक्षण पूर्ण व्हावे यासाठी शिष्यवृत्तीची तरतूद केली. राज्याने आपल्या कृतीचे उत्तरदायित्व अशा रीतीने मान्य केल्याची उदाहरणे विरळ आहेत, म्हणून तिचे महत्त्व नाकारता येत नाही. पण मानद प्रमाणपत्राने नोकरीची हुकलेली तीस-चाळीस वर्षे परत येत नाहीत.

३. एकत्रीकरण आणि त्याच्या मर्यादा

ब्राऊन निकालानंतर दहा वर्षांनीही जुन्या संघीय दक्षिणेतील अकरा राज्यांत श्वेतवर्णीयांबरोबर शिकणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण सुमारे दोन टक्केच होते. १९६४ चा नागरी हक्क कायदा, १९६५ चे केंद्रीय शिक्षण-अनुदान आणि १९६८ नंतरचे कडक न्यायालयीन आदेश यांमुळे परिस्थिती झपाट्याने पालटली. प्रौढांतील हायस्कूल पूर्ण केलेल्या कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९६० साली सुमारे २२ टक्के होते. १९८० साली ते ५१ टक्के झाले. याच काळात एक हानीही झाली. एकत्रीकरणाच्या नावाखाली कृष्णवर्णीयांची अनेक हायस्कुले बंद झाली वा कनिष्ठ शाळांत रूपांतरित झाली, आणि हजारो कृष्णवर्णीय शिक्षक व मुख्याध्यापक पदच्युत झाले. मुलांना नवी इमारत मिळाली, पण त्यांना ओळखणारे शिक्षक गेले.

१९७० च्या दशकात न्यायालयानेच पुढच्या वाटचालीला मर्यादा घातल्या. १९७३ च्या रॉड्रिग्ज निकालानुसार, स्थानिक मालमत्ताकरावर आधारलेल्या शाळानिधीतील विषमता घटनाबाह्य ठरली नाही. १९७४ च्या मिलिकन निकालाने डेट्रॉइटसारख्या शहरांच्या एकत्रीकरण-योजनेतून उपनगरे वगळली. श्वेतवर्णीय मध्यमवर्ग उपनगरांत गेलेला, आणि शाळेचा पैसा घरांच्या किमतीवर अवलंबून. अशा स्थितीत कायद्यातून गेलेली रेषा नकाशावर उमटली.

४. मोजणार कोण, कोणाला?

१९८० व १९९० च्या दशकांत तफावत जवळजवळ मिटत आल्याचे चित्र अधिकृत आकड्यांतून उभे राहिले होते. या चित्रात दोन दोष होते. १९४२ साली सैनिकांसाठी सुरू झालेली जीईडी ही समकक्षता परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांनाही हायस्कूल पूर्ण केलेल्यांत धरले जाई. आणि घरोघर होणाऱ्या पाहणीत तुरुंगातील लोक येतच नसत. जेम्स हेकमन व पॉल लाफाँटेन यांनी २०१० साली या दोन्ही गोष्टींची दुरुस्ती करून दाखविले की, मागील सुमारे पस्तीस वर्षांत वर्णीय तफावत फारशी कमी झालेलीच नव्हती. ज्या तरुणांना तुरुंगात टाकले गेले, ते आकडेवारीतूनही नाहीसे झाले, आणि त्यांच्या अनुपस्थितीमुळे चित्र सुधारलेले दिसले.

२००५ साली राज्यपालांनी समान मोजणीचा करार केला, तर २००८ साली केंद्र सरकारने तसा नियम केला. नववीत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचा चार वर्षे माग ठेवण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. त्यानुसार २०१०-११ साली श्वेतवर्णीयांचे प्रमाण ८४ टक्के, तर कृष्णवर्णीयांचे ६७ टक्के होते. २०१८-१९ साली ते अनुक्रमे ८९ व ८० झाले. सतरा गुणांची तफावत नऊवर आली. मूळ अमेरिकी आदिवासींचे प्रमाण मात्र ७४ टक्केच होते. या प्रगतीकडेही चिकित्सक दृष्टीनेच पाहावे लागते. वॉशिंग्टन शहरात झालेल्या तपासणीत असे आढळले की, २०१७ साली प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांच्या बाबतीत उपस्थिती वा अन्य नियम डावलले गेले होते. याच शहरात १८७० साली कृष्णवर्णीयांचे पहिले सार्वजनिक हायस्कूल निघाले होते, आणि पुढे डनबार या नावाने त्याने विद्वानांच्या व व्यावसायिकांच्या पिढ्या घडविल्या, हे येथे आठवते. मोजणी कडक झाली की आकडा वाढविण्याचा मोहही वाढतो. आणि रिकामे प्रमाणपत्र हातात पडलेल्या मुलाची फसवणूक दुहेरी असते.

५. समारोप

या इतिहासातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, तफावतीचे मूळ समाजाच्या वृत्तीत नसून सार्वजनिक निर्णयांत आहे : शाळा कोठे बांधायची, कोणती बंद करायची, पैसा कोणत्या सीमेपर्यंत न्यायचा. दुसरी, हे निर्णय बदलले तेव्हा तफावतही बदलली. ती अटळ नव्हती. तिसरी, गळतीचा आकडा वाचताना त्यात कोण मोजले गेले नाही, हे विचारल्याशिवाय तो आकडा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाचा पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, हा प्रश्न मांडला होता. ऑगस्टाच्या पालकांनी पंधरा वर्षांनी न्यायालयात मांडलेला प्रश्न त्याहून वेगळा नव्हता.